कोठीघर नाही, म्हणून काय झालं?

निवृत्तीला आलेले आमचे सीनियर फ्लॅट बघायला लागले की त्यांच्या यादीत तीन गोष्टी हमखास असतात. लिफ्ट, पार्किंग आणि स्वयंपाकघराला लागून एक स्टोअररूम. लिफ्ट आणि पार्किंग मिळतं. स्टोअररूम पुण्यात काय नि नाशिकमध्ये काय, बिल्डर देत नाही. दिलीच तर तिला ‘युटिलिटी’ असं नाव असतं आणि तिच्यात वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस उभा राहत नाही. मग सुरू होतं ते रडगाणं : ‘सामान ठेवायचं कुठे?’

हेच रडगाणं सेवेतल्या तरुण जोडप्यांकडूनही ऐकायला मिळतं. क्वार्टर मिळालं, मार्चिंग इन झालं, पंख्यांपासून नळांपर्यंत सगळं मोजून सह्या झाल्या आणि काळ्या ट्रंका उघडल्यावर लक्षात येतं की स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन कप्पे आणि वर एक फळी, एवढंच आहे. जुन्या छावण्यांतल्या बंगल्यांना स्वतंत्र पाकगृह आणि सामानाची खोली असायची. आता बहुमजली क्वार्टर्स आहेत आणि त्यांत तेवढी जागा नाही. ती येणारही नाही. तेव्हा तक्रार करत बसण्यापेक्षा प्रश्न नीट मांडू या.

माझं मत सरळ आहे. बहुतेक घरांत कोठीघराची कमतरता नसते. आपल्याकडे काय आहे, किती आहे आणि ते कुठे आहे, हे ठरलेलं नसतं. ते ठरलं नाही तर कोठीघर मिळूनही उपयोग नाही. उलट एक खोली जास्त मिळाली की तिच्यात एक खोलीभर अडगळ वाढते, एवढंच. आणि ते ठरवण्याचं काम घरातल्या एकाच माणसावर, म्हणजे बायकोवर, सोडून देणं हे फौजी घराला परवडणारं नाही. या शेवटच्या वाक्यासाठी बाकीचा लेख आहे, पण आधी हिशोब.

आधी मोजा

चार माणसांच्या मराठी घराला महिन्याला काय लागतं? आमच्या घरचा आकडा सांगतो. तांदूळ ५ किलो, कणीक १० किलो, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून ४ किलो, साखर ३ किलो, तेल ४ लिटर, पोहे-रवा-बेसन-ज्वारीचं पीठ-शेंगदाणे मिळून आणखी ४ किलो. वर चहा, मीठ, गूळ, मसाले. वजन सोडा, जागा किती लागते ते बघा. ५ किलो तांदळाला सुमारे ६ लिटरचा डबा पुरतो, १० किलो कणकेला १८ लिटरच्या आसपास. अशी बेरीज केली की सगळं मिळून ५०-५५ लिटर भरतं. आता तीन फूट रुंद, एक फूट खोल आणि वर एक फूट मोकळी उंची असलेली फळी घ्या. तिच्यात ८५ लिटर जागा असते. डबे काठोकाठ भरत नाहीत, वर हात घालायला जागा लागते, हे सगळं धरलं तरी अशा दोन फळ्यांत महिन्याचा शिधा बसतो.

दोन फळ्या! म्हणजे ज्या कोठीघरासाठी आपण झुरतो, त्याची खरी गरज एका मध्यम कपाटाएवढी आहे.

इथे एक बारीक मुद्दा. डबे गोल असतील तर चौकोनी फळीवर त्यांच्यामधल्या खाचांत पाचव्या हिश्शाहून जास्त जागा फुकट जाते. हे भूमितीचं गणित आहे, त्याला इलाज नाही. पण म्हणून उठून सगळे डबे बदलायची गरज नाही. हल्ली एकसारख्या चौकोनी बरण्यांचा संच घेण्याची टूम आहे. बरण्या छान दिसतात, फोटोही छान येतो. पण आईने दिलेले पितळी आणि स्टीलचे डबे टाकून त्या घ्याव्यात असं मला वाटत नाही. कणीक आणि तांदूळ, म्हणजे जे सर्वांत जास्त जागा खातात, तेवढे दोन डबे चौकोनी घेतले तरी काम भागतं.

मग प्रश्न उरतो, शिधा जर दोन फळ्यांत बसतो तर स्वयंपाकघर ओसंडून का वाहतं? कारण तिथे शिध्याखेरीज बरंच काही असतं. चार आकारांचे कुकर, त्यातल्या दोघांना शिट्टी नाही. चोवीस जणांचा डिनर सेट, जो मेसमधून निरोपाच्या वेळी मिळाला आणि अजून थर्माकोलमध्येच आहे. रिकाम्या बरण्या, ‘लागतील कधीतरी’ म्हणून. कॅन्टीनमधून स्वस्तात मिळाले म्हणून आणलेले साबण, टूथपेस्ट, सॉसच्या बाटल्या. सीएसडी कॅन्टीन ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे यात वाद नाही. पण स्वस्त मिळालेली दहावी बाटली वापरली गेली नाही तर ती स्वस्त पडली असं कोणत्या हिशोबाने म्हणायचं?

फौजी घराकडे यासाठी एक आयती मोजपट्टी आहे : पॅकिंग लिस्ट. प्रत्येक ट्रंकेवर नंबर असतो आणि आत काय आहे त्याची यादी असते. एका पोस्टिंगला भरलेली ट्रंक पुढच्या पोस्टिंगपर्यंत उघडलीच नसेल, तर तिच्यातल्या वस्तूंवाचून तुमचं घर दोन-तीन वर्षं व्यवस्थित चाललं आहे. ती वस्तू आठवण म्हणून ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण स्वयंपाकघरात नको.

आपल्या घरांत कोठीघर होतंच किती?

‘पूर्वी घरांना कोठीची खोली असायची’ असं आपण म्हणतो ते वाड्यांबद्दल. वाडे किती लोकांचे होते? बाकीच्या घरांत काय होतं ते आठवा. भिंतीत फडताळ. कोनाडे. आढ्याला टांगलेलं शिंकं, म्हणजे दूधदुभत्याला मांजर आणि मुंग्या लागू नयेत. एकावर एक मडक्यांची उतरंड, खाली मोठं आणि वर लहान. धान्याची कणगी, बाहेरून शेणामातीने लिंपलेली. काही भागांत भिंतीतलं बळद, काही भागांत जमिनीतलं पेव. मिसळणाचा डबा, ज्यात हळद-तिखट-मोहरी-जिरं हाताशी. ही सगळी बिनकोठीच्या घराची व्यवस्था आहे. तिच्यात तीन गोष्टी दिसतात. जागा आडवी न शोधता उभी वापरलेली आहे. प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे जागा आहे. आणि धान्याचा मोठा साठा रोजच्या वापरापासून वेगळा ठेवला आहे. एवढ्या तीन गोष्टी आजच्या आठ बाय सातच्या स्वयंपाकघरात करता येतात.

कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात. सुकी मासळी, कोकम, पापड, फणसपोळी. देशावर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट. पण बेगमी म्हणजे अंदाधुंद साठा नव्हे. किती महिने वाट बंद राहणार हे माहीत असायचं, घरात खाणारी तोंडं माहीत असायची आणि पुढच्या हंगामाला जुना माल संपलेला असायचा. त्यात मुदत होती. आज आपण साठा करतो त्याला मुदत नसते, फक्त भीती असते.

लडाखमध्ये हे अधिक स्पष्ट दिसतं. झोजी ला आणि मनालीकडचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतात, म्हणून तिथल्या सैन्याचा हिवाळी साठा उन्हाळ्यातच वर चढवला जातो. आर्मी सर्व्हिस कोअरची माणसं आणि ट्रकवाले महिनोन्‌महिने त्यात असतात. पण तिथे कुणीही ‘असू दे जरा जास्त’ म्हणून काही चढवत नाही, कारण प्रत्येक किलो चढवायला इंधन लागतं आणि ठेवायला जागा. माणसं किती, दिवस किती, राखीव किती, यावर आकडा ठरतो. गावातले लडाखी लोकही हेच करतात. बटाटे, गाजरं, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवतात, जर्दाळू वाळवतात. त्या घरांत गेलात तर दिसेल की साठा भरपूर आहे, पण पसारा नाही.

इथे कुणी विचारेल, २०२० साली २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला तेव्हा ज्यांच्या घरी साठा होता तेच निश्चिंत होते ना? प्रश्न रास्त आहे. आसामात पूर आला, रस्ता वाहून गेला, तर आठवडाभर बाजार लागत नाही हे मीही पाहिलं आहे. म्हणून राखीव शिधा हवाच, माझा त्याला विरोध नाही. पण राखीव म्हणजे किती? चार माणसांना पंधरा दिवस पुरेल एवढा तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तेल, साखर, चहा. हा साठा एका मध्यम ट्रंकेत बसतो. त्याहून जास्त साठवलं तर ते किड्यांसाठी.

जागा कशी लावायची

आता कामाचं बोलू. २२ वर्षांच्या नोकरीत कुटुंबासह सात क्वार्टर्स झाली. राजस्थानचं वाळवंट, ब्रह्मपुत्रेचा काठ, महू, लेह, अशी सगळ्या प्रकारची हवा झाली. त्यातून आमच्या घरी जे नियम टिकले ते सांगतो.

पहिला, वस्तू जिथे वापरायची तिच्या हाताच्या अंतरावर. चहा-साखर आणि गाळणी शेगडीजवळ, कणीक-परात-पोळपाट एकत्र, सुऱ्या आणि विळी नळाजवळ. एका पोळीसाठी तीन कपाटं उघडावी लागत असतील तर जागा कमी नाही, मांडणी चुकली आहे.

दुसरा, रोजचं सगळं कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत. जड डबे सर्वांत खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर. दहा किलोचा डबा माळ्यावर ठेवून तो उतरवायला साठीच्या आईला स्टुलावर चढवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

तिसरा, मसाले शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत. तिथे ते हाताशी असतात खरे, पण वाफ आणि उष्णता लागून त्यांचा वास जातो. तेलाची बाटली खिडकीत नको, उजेडाने तेल खवट होतं. सिंकखालच्या कप्प्यात खायची कोणतीही वस्तू नको. तिथे आज ना उद्या गळती होतेच आणि झुरळांचा मुक्काम तिथेच असतो. तो कप्पा भांडी घासण्याच्या सामानाला. सिलिंडर उभा आणि हवेशीर, त्याच्याभोवती पिशव्या, कागद, रिकामे खोके कोंबायचे नाहीत, जागा कितीही कमी असली तरी.

चौथा, कांदे-बटाटे वेगळे. कांद्याला वारा लागतो, बटाट्याला अंधार. उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाऊ नये. दाराच्या मागे टांगलेल्या दोन जाळीच्या पिशव्या पुरतात, कांद्याची उघडी आणि बटाट्याची कापडात. शिंक्याचंच हे नवं रूप.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : जुन्यावर नवं ओतायचं नाही. डब्यात दोन मुठी तांदूळ उरले आणि वरून नवीन पिशवी रिकामी केली, तर खालचे तांदूळ वर्षानुवर्षं खालीच राहतात. पोरकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उबदार हवेत महिनाभराने किडा बाहेर येतो. म्हणजे आज स्वच्छ दिसणारा तांदूळ महिन्याने चालू लागतो तो यामुळे. जुना संपवा, डबा धुऊन उन्हात वाळवा, मग नवा भरा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर नवीन रवा किंवा डाळ चार-पाच दिवस तिथे ठेवली की अळ्या-अंडी मरतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, हे आजीचे उपायही करावेत. पण डबा धुतल्याशिवाय कोणताच उपाय चालत नाही.

सहावा, प्रत्येक वस्तूचा एक चालू डबा आणि फार तर एक बंद पुडा राखीव. राखीव पुडा फोडला की त्याच दिवशी यादीत नाव. फौजेच्या स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला बिन कार्ड असतं. माल आला, गेला, उरला, सगळं त्या एका कार्डावर. घरात एवढं करायची गरज नाही. फ्रिजच्या दारावर एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल एवढं पुरतं. दोरी महत्त्वाची, नाहीतर पेन्सिल जाते.

सातवा, ट्रंका. रिकाम्या ट्रंका पलंगाखाली सरकवून देण्यापेक्षा एक ट्रंक राखीव शिध्याला द्या. दोन विटांवर लाकडी फळी, त्यावर ट्रंक, म्हणजे ओल लागत नाही. वर गादी टाकली की बसायलाही होते. मात्र जिच्यात लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवले होते, ती ट्रंक शिध्याला कधीही नाही. तो वास धुऊन जात नाही आणि ते विष आहे.

याखेरीज हवा बघून बदल करावे लागतात. ब्रह्मपुत्रेकाठी पावसाळ्यात मीठ पाणी धरतं, पापडांना बुरशी येते. तिथे मिठात भाजलेले तांदळाचे दाणे घालायचे आणि सगळंच अर्ध्या मापाने आणायचं. वाळवंटात धूळ प्रत्येक झाकणातून आत जाते, म्हणून घट्ट झाकणं हवीत, पण डाळी महिनोन्‌महिने टिकतात. लेहला हवा इतकी कोरडी की पोळी ताटात वाळते, खोबरेल तेलाचा दगड होतो आणि बटाटे गोठू नयेत म्हणून त्यांना घरात घ्यावं लागतं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही. तिथे दुसरा कुकर ही चैन नाही, पण महूला आल्यावर तोच दुसरा कुकर अडगळ होतो. ज्वारीच्या पिठाचं तर सगळीकडे एकच : थोडं आणा, ताजं आणा. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. वर्षाचं पीठ साठवायची खोली मिळाली असती तरी भाकरी झाली नसती.

हे माहीत कुणाला?

आता मूळ मुद्दा.

आपल्या युनिटमधला स्टोअरमन रजेवर गेला आणि तंबू कुठे आहेत, दोर किती आहेत हे दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नाही, तर आपण काय म्हणू? ‘फार हुशार माणूस आहे, सगळं तोंडपाठ आहे’ असं म्हणू का? नाही. आपण क्वार्टरमास्टरला बोलावून जाब विचारू. लेजर कुठे आहे, बिन कार्ड कुठे आहे, चार्ज कुणाला दिला होता? एका माणसाच्या डोक्यात असलेली व्यवस्था ही फौजेच्या दृष्टीने व्यवस्थाच नसते.

पण तोच अधिकारी घरी आला की म्हणतो, ‘किचनचं मला काही माहीत नाही, सगळं ही बघते.’ आणि हे कौतुकाने म्हणतो!

ही ज्या दिवशी आजारी पडते त्या दिवशी काय होतं? घरात तुरीची डाळ असते, पण ती कोणत्या डब्यात ते माहीत नसतं. रवा आणि वरी ओळखू येत नाही. मुलांना मेसचं जेवण आणलं जातं आणि अंथरुणातून ती विचारत असते, ‘दूध वर आलं का बघा. मिठाचा डबा डाव्या हाताला आहे. नाही, त्याच्या मागचा.’ तापातही तिची सुटका नाही, कारण घराचा नकाशा फक्त तिच्या डोक्यात आहे.

याची दुसरी बाजू अशी की आपण फील्डला जातो तेव्हा ती एकटी असते. कधी तिची आई येऊन राहते, कधी आपली. शेजारची एखादी बाई मुलांना दोन तास सांभाळते. घरकामाला येणारी बाई प्रत्येक पोस्टिंगला वेगळ्या प्रांताची, वेगळ्या भाषेची. या सगळ्यांना त्या स्वयंपाकघरात उभं राहून निदान एक वेळचं जेवण करता आलं पाहिजे. म्हणून माझ्या मते स्वयंपाकघराची कसोटी डबे किती सुंदर दिसतात ही नाही. घर न पाहिलेल्या माणसाला तिथे दहा मिनिटांत खिचडी टाकता येते का, ही आहे. तांदूळ, डाळ, हळद, मीठ, तेल, कुकर, लायटर. सात वस्तू. न विचारता सापडल्या तर व्यवस्था आहे. नाहीतर नाही.

त्यासाठी चिठ्ठ्या लावा. देवनागरीत लावल्या तर मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणाऱ्यांचं काम होतं. जिथे वाचता न येणारी किंवा वेगळी लिपी वाचणारी बाई कामाला असते, तिथे चिठ्ठीवर पारदर्शक टेपखाली त्याच वस्तूचे चार दाणे चिकटवा. ही युक्ती माझी नाही, बायकोची. आसामात आमच्याकडे येणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हतं आणि आम्हाला असमिया. दाणे दोघींनाही वाचता येत होते. चिठ्ठीवर भरल्याची तारीखही टाका, म्हणजे जुनं-नवं विचारावं लागत नाही.

आणि नवीन क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर दोघांनी मिळून लावा. पहिल्या दिवशी, युनिटला रिपोर्ट करण्याआधी वेळ मिळत नसेल तर पहिल्या रविवारी. आमच्याकडे हा नियम आहे. कोणता डबा कुठे, यावर वाद होतात, पण त्या वादातूनच दोघांनाही जागा लक्षात राहते. मुलांनाही त्यात घ्या. खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना केबिनमधल्या कपाटात कोणती वस्तू कोणत्या खणात, हे ठरलेलं असे. तेव्हा ते जाचक वाटायचं. पण पहाटे अंधारात, दोन मिनिटांत कपडे बदलून फॉल-इन व्हायचं असे, तेव्हा हात आपोआप योग्य खणाकडे जाई. शिस्तीचा तो उपयोग होता : दुसरं काही महत्त्वाचं करायला डोकं मोकळं राहणं. घरातल्या बाईचं डोकंही तसंच मोकळं राहायला हवं. तिला नोकरी असेल, अभ्यास असेल, नाहीतर फक्त संध्याकाळी निवांत चहा प्यायचा असेल.

कुणी म्हणेल, घराची बराक करता काय? घर म्हणजे थोडा पसारा, थोडा जिव्हाळा. मान्य. दर शनिवारी इन्स्पेक्शन घ्या असं मी म्हणत नाही. नवऱ्याने अचानक जागा होऊन बायकोला डबे कसे लावायचे हे शिकवू नये, ते तर सर्वांत वाईट. सात स्वयंपाकघरं तिने लावली आहेत, तिचं ज्ञान मोठं आहे. मी म्हणतो ते एवढंच की ते ज्ञान तिच्या डोक्यातून फळीवर आणि चिठ्ठीवर उतरू द्या, आणि ते उतरवायला आपला हात लावा.

फ्लॅट घेणाऱ्यांना दोन शब्द

निवृत्त होणाऱ्यांना एक विनंती. नव्या घरात ताबा मिळाल्याबरोबर मॉड्युलर किचन करून घेऊ नका. आधी एक महिना साध्या ओट्यावर, दोन सुट्या मांडण्यांवर राहा. हात कुठे जातो, काय सारखं लागतं, काय कधीच लागत नाही ते बघा. मग सुतार बोलवा. तो पंधरा ड्रॉवर सुचवेल. त्याला सांगा, एका भिंतीला तीन फूट रुंद, एक फूट खोल, जमिनीपासून छतापर्यंत फडताळ दे आणि खणांची उंची बदलता येईल असं कर. खोली एक फुटाहून जास्त नको. खोल कपाटात मागे गेलेली वस्तू पुढच्या पोस्टिंगलाच सापडते, आणि तुम्हाला आता पुढची पोस्टिंग नाही.

आणि जे क्वार्टर्सचे आराखडे बघतात, ज्यांची मतं त्यावर मागवली जातात, त्यांनाही हेच सांगणं. दिवाणखाना दोन फुटांनी मोठा झाला नाही तरी चालेल. स्वयंपाकघराच्या भिंतीत बांधतानाच एक असं फडताळ ठेवा. बांधकाम चालू असताना ते करायला फार खर्च नाही. नंतर मात्र दर दोन-तीन वर्षांनी येणारं प्रत्येक कुटुंब भिंतीला खिळे मारत बसतं आणि मार्चिंग आउटला त्या खिळ्यांच्या भोकांचे पैसे भरतं.

तोवर ज्यांना जे स्वयंपाकघर मिळालं आहे त्यांनी या रविवारी एवढं करावं. सगळे डबे खाली काढावेत. महिन्याचा शिधा किती ते मोजावं. बाकीचं कुणाला देता येईल ते बघावं. आणि डबे परत फळीवर चढवताना नवरा-बायको दोघांनी शेजारी उभं राहावं. कोठीघराची गरज किती आहे, ते त्यानंतर बोलू.